भाव वाढला म्हणून शटर म्हातारं होत नाही

‘लोखंड महागणार आहे, शटर बदलायचं असेल तर आत्ताच बदलून घ्या.’ गोंदियाच्या बाजारात हा सल्ला वर्षातून एकदा तरी नव्याने फिरतोच. कारण दर वेळी वेगळं असतं. कधी युक्रेनचं युद्ध, कधी आयात शुल्क, कधी कोळसा, आणि काहीच नसलं तर ‘भिलाईवाल्यांनी भाव वाढवले’. निष्कर्ष मात्र ठरलेला: घाई करा.

नागरा गावात या सल्ल्याला गिऱ्हाईक मिळणं सोपं आहे. गोंदिया शहर इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे शहराची बातमी दुपारच्या आत गावात पोचते. रस्त्याला लागून दुकान, मागे राहतं घर, बाजूला ट्रॅक्टरची खोली आणि अलीकडे तिच्याच शेजारी चारचाकीची खोली, असा इथल्या बऱ्याच घरांचा आराखडा झाला आहे. म्हणजे एका कुटुंबामागे दोन-तीन शटरं. महाशिवरात्रीला शिवमंदिराकडे लोटणाऱ्या गर्दीसाठी उघडणारी दुकानं आणि आसपासच्या राइस मिलांची गोदामं धरली, तर शटर हा इथे हौसेचा नव्हे, रोज सकाळ-संध्याकाळ हाताखालून जाणारा विषय आहे. म्हणूनच त्याबद्दलचा चुकीचा सल्ला महागात पडतो.

सल्ला देणाऱ्यांची दोन गृहीतकं असतात. एक, लोखंडाचा भाव वरच जातो. दोन, भाव वाढल्यावर होणारं नुकसान हे चांगलं शटर वेळेआधी काढून टाकण्याच्या नुकसानापेक्षा मोठं असतं. दोन्ही तपासून पाहू.

२०२२ च्या एप्रिलमध्ये देशात हॉट रोल्ड कॉइलचा, म्हणजे ज्या गुंडाळीतून पुढे पातळ पत्रा निघतो तिचा, भाव टनाला पंचाहत्तर हजारांच्या आसपास गेला होता. युक्रेनच्या युद्धानंतर ऑस्ट्रेलियाचा कोकिंग कोळसा टनाला सहाशे डॉलरच्या वर गेला होता आणि आपल्या पोलाद कारखान्यांचा बहुतेक कोकिंग कोळसा आयातच होतो. तेव्हा ‘अजून वाढेल’ असं सांगणाऱ्यांचा आवाज सर्वांत मोठा होता. मे महिन्यात केंद्र सरकारने पोलादाच्या निर्यातीवर १५ टक्के शुल्क लावलं, भाव घसरला आणि नोव्हेंबरमध्ये ते शुल्क काढूनही टाकलं. ज्यांनी एप्रिलमध्ये घाईघाईने धडधाकट शटर काढून नवं बसवलं, त्यांनी शिखरावर खरेदी केली. त्यांना कुणी नंतर भेटून ‘आमचं चुकलं’ म्हटल्याचं ऐकिवात नाही.

दुसरं उदाहरण तर कालपरवाचं आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारने काही सपाट पोलादाच्या आयातीवर दोनशे दिवसांसाठी १२ टक्के संरक्षक शुल्क लावलं. आता तरी भाव वाढणारच, असं सगळे म्हणाले, आणि थोडे दिवस वाढलाही. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॉइल ४७ हजारांच्या आसपास येऊन पाच वर्षांतल्या नीचांकाला टेकली. शुल्क लागू असताना! डिसेंबरच्या अखेरीस तीन वर्षांसाठी १२, ११.५ आणि ११ टक्के असं उतरतं शुल्क जाहीर झालं आणि बाजारात पुन्हा तीच हाकाटी सुरू झाली. ती या वेळी खरी ठरेलही. माझा मुद्दा एवढाच, की शुल्काची बातमी वाचून शटरचा मुहूर्त काढणं म्हणजे वेधशाळेचा अंदाज वाचून घराला आग लागणार की नाही ते ठरवणं.

आपल्या भागात पैसा मोजायचं खरं माप धान आहे, तेव्हा हाच हिशेब धानात करून पाहा. २०२१-२२ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला १,९४० रुपये होता. त्या भावाने एप्रिल २०२२ मधलं एक टन कॉइल म्हणजे जवळजवळ ३९ क्विंटल धान. २०२५-२६ चा हमीभाव २,३६९ रुपये. ऑक्टोबर २०२५ मधलं तेच एक टन म्हणजे वीस क्विंटलांच्याही आत. साडेतीन वर्षांत धानाच्या मापाने लोखंड जवळपास निम्म्यावर आलं. (हमीभाव प्रत्येकाच्या पदरात पडतो का, हा वेगळा आणि कडू विषय आहे. खरेदी केंद्रावर कट्टे घेऊन नंबरची वाट पाहणाऱ्याला तो मी समजावून सांगायची गरज नाही.) कारखान्याच्या दारातला कॉइलचा भाव आणि आपल्याला मिळणारा शटरचा भाव यांत वाहतूक, पट्टी काढण्याची मजुरी, व्यापाऱ्याचा नफा आणि १८ टक्के जीएसटी असतो, हे कबूल. पण ‘लोखंड वाढतच जातं’ हे वाक्य मुळातच खोटं आहे, हे दाखवायला एवढं पुरे.

भिलाईबद्दलही एकदा बोलून टाकू. कारखाना आपल्याच रेल्वेमार्गावर, १९५९ पासून त्याची धुरांडी चालू, घरटी कुणी ना कुणी तिथे नोकरीला गेलेला. त्यामुळे लोखंडाचं सगळं काही भिलाईत ठरतं, असा आपला समज. भिलाईचं नाव आहे ते रेल्वेचे रूळ, जाड प्लेटा, गज आणि तार यांसाठी. शटरची पट्टी ज्या पातळ पत्र्याच्या गुंडाळीतून निघते, ती दुसऱ्या कारखान्यांतून येते. तेव्हा ‘भिलाईने भाव वाढवले म्हणून शटर वाढलं’ असं सांगणाऱ्याला विचारा, की रुळाचं शटर बनवणार आहात का?

आता दुसरं गृहीतक, आणि खरी गंमत इथेच आहे. दहा बाय दहा फुटांचं साधं दुकानाचं शटर घ्या. क्षेत्रफळ ९.३ चौरस मीटर. पत्रा २० गेज, म्हणजे ०.९ मिलिमीटर. सपाट पत्र्याचंच वजन होतं ६५-६६ किलो. पट्टीला गोलाई आणि दोन्ही कडांना अडकवायची वळी असतात, त्यामुळे पत्रा सुमारे तिसऱ्या हिश्श्याने जास्त लागतो. वर पाइप, ब्रॅकेट, दोन गाइड, खालचा अँगल आणि वरचं कव्हर. सगळं मिळून सव्वाशे किलो धरू. आता समजा, लोखंड टनामागे दहा हजारांनी वाढलं. ही काही लहान वाढ नाही, हिच्या बातम्या होतात. किलोला ती पडते दहा रुपये. सव्वाशे किलोला साडेबाराशे, जीएसटीसकट पावणेपंधराशे.

पावणेपंधराशे रुपये! एवढ्यासाठी ती सगळी धावपळ.

समजा बसवण्यासकट शटरला तीस हजार रुपये लागणार आहेत. तेच तीस हजार वर्षभर साडेसहा टक्क्यांनी बँकेत ठेवले तर १,९५० रुपये व्याज मिळतं. म्हणजे टनाला दहा हजारांची भाववाढ झाली तरी थांबणारा पुढेच. आणि शटरचं आयुष्य वीस वर्षं धरलं तर दर वर्षाला दीड हजारांचं शटर आपण वापरतो. अजून पाच वर्षं टिकलं असतं असं शटर आज काढलं, की साडेसात हजारांचा वापर भंगारवाल्याच्या काट्यावर गेला. पावणेपंधराशे वाचवायला साडेसात हजार टाकणं याला बचत म्हणणारा माणूस विक्रेताच असायला हवा.

यावर एक आक्षेप मात्र नेहमी येतो आणि तो पोकळ नाही. लोखंड खाली येईल, पण मजुरी आणि डिझेल खाली येत नाही. आज जो वेल्डर पाचशे घेतो तो पुढच्या वर्षी सहाशे घेईल. खरं आहे. पण मजुरी वाढते ती नव्या शटरची वाढते, तशी जुन्याच्या दुरुस्तीचीही वाढते. तिच्यापासून शटर बदलून सुटका होत नाही. उलट नव्या शटरच्या बिलात माल जास्त आणि मजुरी कमी, तर दुरुस्तीच्या बिलात मजुरी जास्त आणि माल कमी. म्हणजे माल महागला की तुलनेने स्वस्त होते ती दुरुस्ती. लोखंडाचा भाव चढणं हे दुरुस्तीच्या बाजूचं सर्वांत मोठं कारण आहे आणि बाजार ते बरोबर उलटं करून विकतो.

भाववाढीचा धोका नाही, असं मात्र मी म्हणत नाही. धोका आहे, फक्त तो सांगितला जातो त्या जागी नाही. लोखंड महागलं की चौरस फुटाचा भाव वाढवणं विक्रेत्याला जड जातं, कारण गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाशी तुलना करतं. मग भाव तोच राहतो आणि पत्रा पातळ होतो. २० गेज म्हणजे ०.९ मिलिमीटर, २२ गेज म्हणजे ०.७. रंग मारून वर टांगल्यावर या दोन्हींत फरक सांगणारा डोळा माझ्या पाहण्यात नाही. पण लोखंड २२ टक्के कमी झालेलं असतं. म्हणजे ‘आमच्याकडे जुन्याच भावात’ म्हणणाऱ्याने तुमच्याकडून पाचव्या हिश्श्याहून जास्त भाववाढ वसूल केली आणि वर उपकारही केला. घाईने घेणारा याच सापळ्यात सापडतो. आठ दिवसांत भाव बदलणार, असं ज्याच्या डोक्यात बसलं आहे तो कॅलिपर घेऊन पत्रा मोजत बसत नाही.

तसंच जस्ताचं. पत्रा गॅल्व्हनाइज्ड आहे, एवढं ऐकून लोक समाधान मानतात. भारतीय मानक २७७ मध्ये जस्ताच्या थराचे वेगवेगळे दर्जे आहेत. दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम म्हणजे एका बाजूला जेमतेम १९ मायक्रॉन. १२० ग्रॅम म्हणजे आठच्या आसपास. आपल्याकडे पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरहून बराच जास्त पडतो, आणि धानाच्या बांध्यांमध्ये वसलेल्या गावात पावसाळाभर हवा ओलसर असते. इथे आठ आणि एकोणीस यांच्यात काही वर्षांच्या गंजाचा फरक आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत शटरच्या बाबीपुढे पट्टीची रुंदी ८० मिलिमीटर आणि जाडी १.२ किंवा १.२५ मिलिमीटर अशी छापलेली असते. दहा चौरस मीटरहून मोठ्या शटरला साखळी-क्रँकचं यंत्र वेगळं लावावं लागतं, हेही. सरकारी कामाबद्दल आपण काहीही म्हणू, पण निदान कागदावर जाडी लिहायची रीत त्यांनी पाळली आहे. आपल्याकडचं कोटेशन म्हणजे बहुधा पाकिटाच्या मागे लिहिलेला चौरस फुटाचा एक आकडा. गेज नाही, जस्त नाही, वजन नाही. शटर काट्यावर ठेवून वजन बिलावर लिहून मागा. भाव किती वाढला, याचं उत्तर वर्तमानपत्रापेक्षा तो काटा खरं देईल.

मग बदलायचं कधी? शटर स्वतःच ते सांगतं.

गंज नेहमी खालून चढतो. उंबऱ्याशी साचलेलं पाणी, फरशी धुतल्यावर आत शिरलेलं साबणाचं पाणी, कुलपाच्या पट्टीमागे अडकलेली माती. खालच्या चार-पाच पट्ट्या आणि अँगल कुजले म्हणून संपूर्ण शटर निकामी ठरवणारे लोक आहेत. या पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात, बाजूने सरकवून काढता येतात आणि तेवढ्याच नव्या घालता येतात. मापाची आणि वळीची पट्टी जुन्याशी जुळली पाहिजे, एवढीच अट. स्प्रिंग सैल पडली, शटर अर्ध्यावर थांबेनासं झालं, तर स्प्रिंग बदलते. बेअरिंग करकरतं, बेअरिंग बदलतं. गाइड फाकला, गाइड सरळ होतो किंवा नवा बसतो. यांपैकी कशालाही अख्खं शटर उतरवून भंगारात द्यायची गरज नाही.

आता आपल्या भागाचा खास रोग. गाइडमधून शटर जड चालायला लागलं की आपण त्यात ट्रॅक्टरचं जळकं ऑइल ओततो. दोन दिवस शटर लोण्यासारखं चालतं. पण गोंदियाची हवा मिलांची हवा आहे. धानाचा भुसा जाळून बॉयलर चालतात, आणि भुशाच्या राखेत ८५ ते ९० टक्के किंवा त्याहूनही जास्त सिलिका असते. म्हणजे वाळूच, पिठासारखी बारीक. ती तेलावर बसली की गाइडमध्ये पॉलिशची पेस्ट तयार होते, आणि दिवसातून चार वेळा वर-खाली होणारी पट्टीची टोकं त्यात घासत राहतात. जस्त तिथेच पहिलं जातं. शटर खराब का झालं, याचं उत्तर बहुतेक वेळा लोखंडाच्या बाजारात नव्हे, त्या ऑइलच्या डब्यात सापडेल. गाइड कोरड्या फडक्याने आणि ब्रशने साफ करायचा, वंगण लावायचं ते वर बेअरिंगला आणि तेही मोजकं. दसऱ्याला यंत्रांची पूजा करतो तेव्हा शटरही उतरवून बघायचं. पावसाळा नुकताच संपलेला असतो, गंज ताजा असतो, दिसतो.

पूर्ण शटर बदलायची वेळ कोणती तर ही: पट्ट्यांच्या टोकांची कुलपं सगळीकडे झिजून पट्ट्या डावी-उजवीकडे सरकायला लागल्या, वळीतला गंज वरपर्यंत पोचला आणि पडद्याला उजेड धरल्यावर बारीक भोकं दिसू लागली, किंवा वरचा पाइप वाकला. यांतलं एक जरी झालं, तर लोखंडाचा भाव काय आहे, हे विचारूसुद्धा नका.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण घाई करणाऱ्यांच्या विरोधात बोललं की दुसऱ्या टोकाची मंडळी टाळ्या वाजवतात. ‘बरोबर आहे, जुनं लोखंड ते लोखंड, आताचं सगळं टिन.’ आणि मग हेच लोक कुजलेल्या पट्टीवर पट्टी वेल्ड करून, त्यावर रंगाचा तिसरा हात मारून, आणखी पाच वर्षं काढतात. वेल्डिंगने जस्त जळतं आणि शेजारची पट्टी गंजायला लागते, म्हणजे ठिगळ स्वतःच नवा आजार आणतं. त्याहून वाईट म्हणजे स्प्रिंगचा खेळ. शटरचं सगळं वजन तोलून धरतात त्या पाइपवरच्या पिळलेल्या स्प्रिंगा. एक तुटली की दुसरीवर दुप्पट भार येतो, आणि मग कधीतरी ऐंशी-नव्वद किलोचा पडदा खाली येतो. खाली गल्ल्यावर बसलेला मुलगा असू शकतो, मिलच्या गोदामात हमाल असू शकतो. तेव्हा ‘अजून एक हंगाम काढू, लोखंड उतरू दे’ म्हणणाराही त्याच चुकीत आहे, फक्त उलट्या बाजूने. दोघेही शटरकडे पाठ करून भावाकडे बघतात. आणि ती स्प्रिंग घरी खोलायला जाऊ नका. पिळलेली स्प्रिंग हातातून सुटली की हाड मोडते.

ही घाई आपल्यापुरती नाही. अमेरिकेत २०२५ च्या मार्चमध्ये पोलादावर सरसकट २५ टक्के आयात शुल्क लागलं, जूनमध्ये ते ५० टक्के झालं. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या गॅरेजचं दारही पोलादी पत्र्याच्या आडव्या फळ्यांचंच असतं, त्यामुळे टॅरिफच्या आत बदलून घ्या, हा आग्रह तिथे कसा जोर धरत असेल ते सांगायला नको. पण तिथे दाराबाबत विचारायचा खरा प्रश्न वेगळा आहे. १ जानेवारी १९९३ पासून तिथे बनणाऱ्या घरगुती गॅरेज-दाराच्या मोटरला, कुणी मध्ये सापडलं तर दार थांबवून परत फिरवणारी सोय असणं कायद्याने बंधनकारक आहे. लहान मुलं दाराखाली सापडून मेली म्हणून तो नियम झाला. जुन्या घरात त्याआधीची मोटर अजून लटकत असेल, तर ती उद्या बदलायला हवी, टॅरिफ शून्य असो की शंभर. नागरा गावात आता रिमोटची शटरं बसू लागली आहेत. इथे मात्र लोक विचारतात ते मोटर किती किलोची आणि रिमोट किती. अडथळा आला तर थांबेल का आणि वीज गेल्यावर साखळीने हाताने उघडेल का, हे दोन प्रश्न आधी विचारा. उन्हाळ्यातली वीज कधी जाते, ते तुम्हाला माहीत आहे.

राहता राहिला एक प्रश्न: भावाला या निर्णयात काहीच स्थान नाही का? आहे, पण एकाच ठिकाणी. या दसऱ्याला शटर उतरवून पाहिलं, टोकांची कुलपं झिजलेली दिसली, कारागीर म्हणाला की एक पावसाळा कसाबसा निघेल. म्हणजे बदलायचं हे ठरलं, फक्त महिना ठरायचा आहे. पुढच्या पावसाळ्याआधीच्या सात-आठ महिन्यांत जेव्हा धानाचे पैसे खात्यावर जमा असतील, वेल्डर ट्रॉल्या आणि थ्रेशरच्या दुरुस्तीतून मोकळा असेल आणि कॉइलचा भाव थोडा उतरलेला असेल, तेव्हा घ्या. तीन-चारशे वाचतील, फार तर हजार. वाचलेले पैसे २२ ऐवजी २० गेजमध्ये घाला.